खेळाला आलेले मोड

२०१८ ते २०२० या दोन वर्षांत महाराष्ट्रातल्या कोणत्याही गावात संध्याकाळी फेरफटका मारला असता, तर एक देखावा हटकून दिसला असता. पारावर, ओट्यावर, एस.टी. स्टँडच्या बाकावर चार-सहा मुले एकमेकांना खेटून बसलेली. पण एकाचेही तोंड दुसऱ्याकडे नाही. सगळ्यांच्या माना आपापल्या मोबाइलमध्ये खुपसलेल्या, आणि मधूनच एखादा ओरडायचा, "अरे, मागून आला, मागून आला!" हा ‘पब्जी’ नावाचा खेळ. शंभर जण विमानातून एका ओसाड बेटावर उतरतात, हाती लागेल ते हत्यार उचलतात आणि शेवटी जो उरेल तो जिंकतो. सप्टेंबर २०२० मध्ये सरकारने त्यावर बंदी घातली, पुढच्या वर्षी निराळे नाव घेऊन तो परत आला, हे सारे तुम्हांला ठाऊकच आहे. या खेळाने मुले बिघडली की नाही, यावर तेव्हा घरोघर वाद झाले. तो वाद मी येथे उकरून काढणार नाही. मला विचारायचे आहे ते वेगळेच. हा खेळ मुळात सुचला कोणाला?

तुम्ही म्हणाल, असेल एखादी मोठी कंपनी, असतील तिचे पगारी तंत्रज्ञ. तसे नाही. ब्रेंडन ग्रीन नावाचा एक आयरिश गृहस्थ. धंदा छायाचित्रे काढण्याचा आणि वेबसाइटची सजावट करण्याचा. त्याला संगणकावरचे खेळ खेळायचा नाद होता. चेक देशातल्या एका कंपनीचा ‘आर्मा २’ नावाचा लढाईचा खेळ बाजारात होता. डीन हॉल या न्यूझीलंडच्या माणसाने २०१२ साली त्याची मोडतोड करून त्यातून ‘डेझी’ नावाचा खेळ उभा केला. त्याच्यात पुन्हा फेरफार करून ग्रीनने २०१३ साली आपला ‘शेवटी उरेल तो’ हा डाव मांडला. म्हणजे एकाने घर बांधले, दुसऱ्याने वर मजला चढवला आणि तिसऱ्याने गच्चीवर तंबू ठोकला. तंबूला एवढी गर्दी लोटली, की २०१७ मध्ये दक्षिण कोरियातल्या एका कंपनीने ग्रीनला हाताशी धरून तोच खेळ स्वतंत्रपणे बाजारात आणला. आपल्या पारावर पोचला तो हा.

विकत घेतलेल्या खेळात खेळणाऱ्यानेच असा फेरफार केला, म्हणजे त्याला ‘मॉड’ म्हणतात. माझ्या भाच्याने प्रथम हा शब्द उच्चारला तेव्हा मी ‘मोड’ ऐकले, आणि ते ऐकणे अगदीच चुकीचे नव्हते. आपल्या भाषेत मोडणे म्हणजे तोडणे. मटकीला येतात तेही मोड. आणि दुकानदार "मोड नाही हो" म्हणतो तेव्हा तो सुट्ट्या पैशांविषयी बोलत असतो. या खेळांच्या इतिहासात हे तिन्ही अर्थ भेटतात.

खेळणाऱ्याने खेळ बदलायचा, यात आपल्याला नवल वाटू नये. विटीदांडूचे पाहा. एका आळीत झेल घेतला की गडी बाद, दुसऱ्या आळीत अमुक हाताने घेतला तरच बाद. मोजायचे शब्दसुद्धा गावागणिक वेगळे. सुटीत मामाच्या गावी गेलेला मुलगा खेळायला उतरण्याआधी विचारून घेतो, "इथं काय काय चालतं?" विटीदांडूला मालक नाही, म्हणून हे निर्वेधपणे चालते. संगणकावरचा खेळ मात्र तयार माल म्हणून येतो. त्याला किंमत असते, मालक असतो, आणि सोबत बारीक अक्षरातला करारनामा असतो. तो वाचल्याचे कोणी कबूल केले, तर मी त्याच्यावर विश्वास ठेवणार नाही. अशा कुलूपबंद मालात खेळणाऱ्याचा हात शिरला तरी कसा?

आरंभी कुलूपच नव्हते. १९६२ साली अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रविद्येच्या संस्थेत ‘पीडीपी-१’ नावाचे संगणकयंत्र होते. त्याची किंमत तेव्हा एक लाख वीस हजार डॉलर. स्टीव्ह रसेल या तरुणाने मित्रांच्या साथीने त्यावर ‘स्पेसवॉर’ हा खेळ रचला. पडद्यावर दोन अवकाशयाने, आणि ती एकमेकांवर मारा करताहेत. पीटर सॅमसन नावाच्या मित्राला मागचे आकाश पटले नाही. तारे कसेही विखुरले होते. त्याने नकाशे पाहून खऱ्या आकाशातले तारे तिथे बसवले. डॅन एडवर्ड्‌सने मधोमध एक सूर्य ठेवला आणि त्याला गुरुत्वाकर्षण दिले, त्यामुळे यान चालवण्यात खरी कसोटी आली. मार्टिन ग्रेट्झने संकटात सापडलेल्या यानाला एकदम अदृश्य होऊन दुसरीकडे प्रकट होण्याची सोय करून दिली. परवानगी कोणी कोणाची मागितली नाही. भोके पाडलेल्या कागदी पट्टीवरून हा खेळ जिथे जिथे तसले यंत्र होते तिथे गेला. विकायचा नव्हताच, तेव्हा तो कोणाचा हा प्रश्नही उठला नाही.

पुढे खेळांचे दुकान मांडले गेले आणि प्रश्न उठला. एमआयटीतल्याच काही विद्यार्थ्यांनी अटारी कंपनीच्या ‘मिसाइल कमांड’ या यंत्राला जोडायचा एक संच तयार केला, त्यामुळे जुना झालेला खेळ पुन्हा अवघड आणि ताजा वाटू लागला. अटारीने १९८१ मध्ये त्यांना कोर्टात खेचले. आणि शेवट काय, तर तडजोड होऊन ती मुले अटारीसाठीच खेळ करू लागली! त्यांनीच ‘पॅकमॅन’वर चढवलेला दुसरा साज शिकागोच्या मिडवे कंपनीने घेतला आणि १९८२ मध्ये ‘मिस पॅकमॅन’ म्हणून विकला. १९८३ मध्ये दोघा पोरांनी ‘कासल वुल्फेनस्टाइन’ या खेळातले नाझी शिपाई काढून त्यांच्या जागी व्यंगचित्रातले निळे बुटके स्मर्फ बसवले. ही निव्वळ चेष्टा होती. पण चेष्टेत कसब दिसत होते.

खरा पालट झाला तो १० डिसेंबर १९९३ रोजी. टेक्सासमधल्या इड सॉफ्टवेअर या लहानशा कंपनीने त्या दिवशी ‘डूम’ हा खेळ प्रसिद्ध केला. पहिला भाग फुकट, आवडला तर पुढचे विकत घ्या, असा व्यवहार होता. विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या संगणकावर तो ठेवला, तेव्हा उतरवून घेणाऱ्यांची इतकी झुंबड उडाली, की यंत्रणा बंद पडली. खेळ राक्षसांना गोळ्या घालण्याचा. रुचीचा म्हणाल तर मला स्वतःला तो कधी रुचला नाही. पण त्याच्या आतली रचना समजून घेण्यासारखी आहे.

याच कंपनीच्या आधीच्या, १९९२ सालच्या खेळात खेळणाऱ्यांनी आपली चित्रे घुसवली होती. मुलांच्या कार्यक्रमातला एक गोंडस जांभळा डायनोसॉर त्यांनी खलनायकाच्या जागी आणून ठेवला. कंपनीचा मुख्य तंत्रज्ञ जॉन कारमॅक हे पाहून रागावला नाही, खूश झाला. अडचण एवढीच होती, की असा बदल करताना मूळ फाइल खराब होत असे. म्हणून ‘डूम’ रचताना त्याने खेळाचे दोन तुकडे केले. एक इंजिन: हालचाल, उजेड, भिंती दिसणे, गोळी लागणे हे सगळे चालवणारे. दुसरा कोठार: नकाशे, चित्रे, आवाज, असा सारा माल एका वेगळ्या फाइलीत. तिचे नाव ‘वॅड’. आता खेळणाऱ्याने आपली छोटी वॅड केली, की इंजिन ती मूळ वॅडवर पारदर्शक कागदासारखी पसरते. छोटीत ज्या नावाची वस्तू असेल ती तिच्यातली घ्यायची, नसेल ती खालच्या मोठ्या कोठारातून. कागद उचलला की मूळ खेळ जसाच्या तसा. कंपनीतल्या काहींना ही सवलत धोक्याची वाटली होती. आपणच आपल्या मालाची किल्ली लोकांच्या हाती द्यायची म्हणजे काय! पण कारमॅकने आणि त्याचा जोडीदार जॉन रोमेरो याने ती दिली. अट घातली ती इतकीच, की तुमचे नकाशे पैसे भरून घेतलेल्या पूर्ण खेळावरच चालले पाहिजेत.

किल्ली दिली खरी, पण कुलूप कुठे आहे हे सांगितले नव्हते. वॅडच्या पोटात काय कसे मांडले आहे, हे खेळणाऱ्यांनी एकेक आकडा तपासून शोधून काढले. दोन महिनेही झाले नव्हते, तोच जानेवारी १९९४ मध्ये नकाशे आखण्याचे पहिले अवजार बाहेर पडले. करणारे कोण, तर न्यूझीलंडमधल्या कँटरबरी विद्यापीठातला ब्रेंडन वायबर आणि त्याला साथ देणारा बेल्जियमचा राफाएल किने. पृथ्वीच्या दोन टोकांवरची माणसे! अवजार फुकट, वापरायला कोणालाही मोकळे.

या अवजाराने नकाशा आखणे म्हणजे घराचा प्लॅन काढण्यासारखे होते. वरून पाहिल्यासारखे बिंदू द्यायचे, बिंदू जोडून भिंती करायच्या, भिंतींनी वेढलेल्या दालनाला जमिनीची उंची, छताची उंची आणि उजेड किती हे आकड्यांत सांगायचे. मग राक्षस कुठे, दार कुठे, किल्ली कुठे ते मांडायचे. दालनावर दालन चढवता येत नसे. इंजिनाची ती मर्यादा होती. त्या मर्यादेतच लोकांनी आपल्या शाळा, कचेऱ्या, राहती घरे आखली. जस्टिन फिशर याने १९९४ मध्ये सगळा खेळच पालटून त्याला ‘एलियन्स’ या १९८६ च्या चित्रपटाचे रूप दिले. त्याच्या पहिल्या नकाशात शत्रू एकही नाही. खेळणारा रिकाम्या दालनांतून जीव मुठीत धरून चालतो आणि काहीच घडत नाही. म्हणूनच भीती वाटते. गोळीबाराच्या खेळात गोळी न झाडण्याचा प्रसंग रचावा, हे मूळ कर्त्यांना सुचले नव्हते. अमेरिकेच्या नौसैनिक दलाने १९९६ मध्ये याच खेळात फेरफार करून चार-चार शिपायांच्या तुकड्यांना सरावासाठी दिला, तोही मॉडच. डिसेंबर १९९७ मध्ये तर कंपनीने इंजिनाचा मजकूरच सर्वांना खुला केला.

इथवर सगळी मोड आलेल्या मटकीची गोष्ट झाली. आता सुट्ट्या पैशांची.

खेळणाऱ्यांनी हौसेने केलेले नकाशे इंटरनेटवर फुकट पडलेले असत. काही चतुर व्यापाऱ्यांनी ते शेकड्यांनी गोळा केले, सीडीवर भरले आणि दुकानात मांडले. ‘डी-झोन’ नावाची अशी एक सीडी बरीच खपली. नकाशा करणाऱ्याला दमडी नाही, इडलाही नाही. त्यावर इडने काय करावे? १९९५ च्या अखेरीस चांगल्या हौशी नकाशाकारांना मोबदला देऊन त्यांचे नकाशे विकायला काढले. हे उत्तम झाले. पण त्याच सीडीवर इंटरनेटवरून उचललेले आणखी हजाराहून अधिक नकाशे भरून टाकले! चोरावर मोर.

दुसरा एक प्रकार कोर्टात गेला. ‘ड्यूक न्यूकम’ या १९९६ च्या खेळासोबत नकाशे करण्याचे अवजार कंपनीनेच दिले होते. करा, वाटा, पण विकू नका, असे बजावून. मायक्रो स्टार नावाच्या कंपनीने असे ३०० नकाशे गोळा करून सीडी काढली. तिचा युक्तिवाद मोठा गमतीचा होता. ती म्हणाली, या नकाशाच्या फाइलीत तुमचे एकही चित्र नाही. कोणती वस्तू कुठे ठेवायची एवढेच त्यात लिहिलेले आहे, चित्रे तर गिऱ्हाइकाने विकत घेतलेल्या तुमच्याच खेळातून येतात. मग आम्ही तुमचे घेतले काय? १९९८ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने हे मानले नाही. न्यायालय म्हणाले, नकाशा मांडतो ती ड्यूकच्याच गोष्टीची पुढची प्रकरणे, आणि तशी प्रकरणे विकण्याचा हक्क गोष्टीच्या मालकाचा.

निवाडा कायद्याला धरून असेल. पण एक पाहा. भांडणाऱ्या दोन कंपन्या, त्यांचे वकील, न्यायाधीश, सगळे हजर आहेत. ज्यांनी रात्री जागवून ते ३०० नकाशे आखले, त्यांच्यापैकी कोणीही पक्षकार नाही. बागेतले आंबे कोणाचे यावर घरमालक आणि चोर भांडताहेत, आणि कलम बांधणारा फाटकाबाहेर.

फाटकाबाहेरच्याला कधी आत बोलावलेच नाही, असे म्हटले तर तो अन्याय होईल. मिन ली हा कॅनडातला विद्यार्थी आणि त्याचा अमेरिकन मित्र जेस क्लिफ यांनी १९९९ मध्ये व्हॉल्व्ह कंपनीच्या ‘हाफ-लाइफ’ या खेळातून ‘काउंटर-स्ट्राइक’ काढला. पुढच्याच वर्षी व्हॉल्व्हने त्याचे हक्क विकत घेतले आणि दोघांना नोकरी दिली. पुण्या-मुंबईच्या सायबर कॅफेंमध्ये त्या काळी तासावर पैसे मोजून कॉलेजची मुले जो खेळत बसत, तो हाच. हे एका विद्यार्थ्याचे फावल्या वेळचे काम आहे, हे त्यांतल्या किती जणांना माहीत होते कोण जाणे.

त्याच कॅफेंत पुढे ‘डोटा’ आला, आणि त्याची कहाणी अधिक गुंतागुंतीची आहे. ब्लिझर्ड कंपनीने २००२ मध्ये ‘वॉरक्राफ्ट ३’ सोबत नकाशे रचण्याचे समर्थ अवजार दिले. २००३ मध्ये ‘यूल’ एवढेच टोपणनाव घेणाऱ्या एकाने त्यावर ‘डोटा’ मांडला. पाच विरुद्ध पाच, प्रत्येकाच्या हाती एकच वीर, आणि समोरच्याचे ठाणे पाडायचे. यूल बाजूला झाला. मग पुष्कळांनी आपापले डोटा काढले. कोणाचा एखादा वीर आवडला, तर दुसऱ्याने तो आपल्यात घेतला. स्टीव्ह फीक याने निवडक वीर एकत्र आणलेली आवृत्ती पुढे नेली. त्यातल्या एका अजस्र राक्षसाला त्याने आपल्या बोलिंगच्या चेंडूचे नाव दिले, ‘रोशन’. पुढे ‘आइसफ्रॉग’ या टोपणनावाच्या माणसाने सूत्रे घेतली. आपल्याकडे जात्यावरच्या ओवीत एकीची ओळ दुसरी उचलते, तिसरी तीत आपल्या भावाचे नाव घालते, तसे हे काम. कुठून कुठवर कोणाचे, हे कसे सांगावे?

पण सांगावे लागले, कारण आता त्यात पैसा दिसू लागला होता. फीक रायट कंपनीत गेला; तिने २००९ मध्ये त्याच जातीचा ‘लीग ऑफ लेजेंड्‌स’ काढला. आइसफ्रॉगला व्हॉल्व्हने घेतले, आणि ‘डोटा’ हे नाव आपल्या नावावर नोंदवायला अर्ज केला. ब्लिझर्डने हरकत घेतली: ज्या खेळावर हे रोप उगवले तो खेळ आमचा. मे २०१२ मध्ये दोघांत समेट झाला. नावाचा व्यापारी वापर व्हॉल्व्हचा, आणि खेळणाऱ्यांच्या नकाशांपुरते नाव ब्लिझर्डलाही मोकळे. ‘डोटा २’च्या २०२१ सालच्या मोठ्या स्पर्धेत बक्षिसांची रक्कम चार कोटी डॉलरच्या वर गेली. नाव कोणाचे हे दोन कंपन्यांनी आपसांत ठरवले. ज्या अनेक अनामिकांनी एकेक वीर घडवला, त्यांना विचारण्याची सोयही नव्हती. त्यांची टोपणनावेच तेवढी उरली होती.

ब्लिझर्डने या प्रकरणावरून धडा घेतला, पण तो आपल्या सोयीचा. जानेवारी २०२० मध्ये ‘वॉरक्राफ्ट ३’ नव्या रूपात आला, तेव्हा करारनाम्यात स्पष्ट लिहिले होते, की आमच्या अवजाराने तुम्ही जे काही रचाल, त्याचे मालक आम्ही. पुढचा डोटा हातचा जाऊ नये, एवढाच त्याचा अर्थ. खेळणारे संतापले, आणि मला वाटते ते रास्त होते. इंजिन उभारायला कोट्यवधी खर्च येतो, हे मान्य. पण पेटीवाल्याने पेटी विकली म्हणून तीवर बसवलेली प्रत्येक चाल त्याची होते काय?

मग मॉड करणाऱ्यांना सरळ पैसेच द्यावेत की! तोही प्रयोग झाला. एप्रिल २०१५ मध्ये ‘स्कायरिम’ या खेळाचे मॉड विकायची सोय व्हॉल्व्ह आणि बेथेस्डा या कंपन्यांनी केली. विक्रीतले २५ टक्के करणाऱ्याला, उरलेले ७५ दोन कंपन्यांना. चार दिवसांत ती गुंडाळावी लागली. वाटणी अन्यायाची होती, हे एक कारण. दुसरे मात्र विचार करण्यासारखे आहे. आजवर सगळे फुकट, म्हणून एकाने दुसऱ्याची हालचाल, तिसऱ्याची चिलखते बिनदिक्कत घ्यावीत असा रिवाज होता. किंमत लागताच, "माझ्या कामावर तू पैसे मिळवतोस" अशी भांडणे सुरू झाली. पहिल्या दिवसांतच विक्रीला ठेवलेले एक मॉड अशा तक्रारीवरून मागे घ्यावे लागले. उसनवारीवर चालणाऱ्या आळीत अचानक वजनकाटा आणला, तर असेच होणार.

यूलियान क्यूकलिश या अभ्यासकाने २००५ मध्ये या कामासाठी ‘प्लेबर’ असा शब्द वापरला. खेळ आणि मजुरी या अर्थांचे दोन इंग्रजी शब्द त्याने एकत्र जोडले. वेठबिगारी म्हणावे, तर कोणी कोणाला जुंपलेले नाही. मजुरी म्हणावी, तर मजुरी मिळत नाही. आपल्याकडे म्हणतात, हौसेला मोल नाही. खरेच आहे, फक्त हे वाक्य ज्याला हौस आहे त्याने म्हणावे. ज्याचा माल त्या हौसेवर वर्षानुवर्षे खपतो, त्याच्या तोंडी ते मला थोडे सोयीस्कर वाटते.

‘डूम’ला तीस वर्षे उलटून गेली, तरी त्याचे नवे नकाशे येतच आहेत. कंपनीने केलेल्या नकाशांच्या कित्येक पटींनी अधिक नकाशे खेळणाऱ्यांनी रचले. जॉन रोमेरो १९९६ मध्येच इड सोडून गेला होता. मे २०१९ मध्ये त्याने ‘सिजिल’ नावाची एक वॅड फुकट वाटली. एकट्याने खेळायचे नऊ नकाशे, इतर कोणाही हौशी माणसासारखे घरी बसून आखलेले. खेळ आता त्याच्या मालकीचा नव्हता. ज्यांना ती चालवायची, त्यांच्यापाशी मूळ ‘डूम’ची विकत घेतलेली प्रत असावी लागते, पंचवीस वर्षांपूर्वी त्याच्याच कंपनीने सर्वांना घातलेली अट ती हीच.